आईवेगळी पिल्ले

मुंबई महानगराच्या उत्तर सीमेला लागून मीरा-भाईंदर हे शहर वसले आहे. त्याच्या पश्चिमेस उत्तनचा सागरकिनारा व कोळीबांधवांची वस्ती, उत्तरेस वसईची खाडी, सखल भागात मिठागरे आणि पूर्वेस संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हिरव्या टेकड्या आहेत. सागर, खाडी आणि अरण्य या तिघांचा शेजार एकाच वेळी लाभलेली शहरे फार थोडी. काशीमिऱ्याहून घोडबंदरच्या दिशेने निघालेल्या वाटसरूला काही अंतर उंच इमारतींच्या रांगा सोबत करतात आणि मग अकस्मात रस्त्याच्या कडेला रान सुरू होते. शहर कोठे संपले व अरण्य कोठे सुरू झाले, हे सांगणारी स्पष्ट रेषा तेथे आढळत नाही. माणसांनी भिंती बांधल्या, फलक लावले. परंतु बिबट्याला फलक वाचता येत नाहीत आणि वानराला भिंतीची मातब्बरी वाटत नाही.

सुमारे १०४ चौरस किलोमीटर पसरलेल्या या उद्यानात बिबट्या हा सर्वांत मोठा शिकारी प्राणी होय. त्याच्या जोडीला चितळ, सांबर, भेकर, वानर, मुंगूस, उदमांजर असे कितीतरी वनचर तेथे नांदतात. रानाच्या कुशीतील पाड्यांवर राहणारे वारली लोक पिढ्यान्‌पिढ्या वाघोबाची पूजा करीत आले आहेत. दगडावर किंवा लाकडी फळीवर कोरलेल्या त्या मूर्तीला शेंदूर लावला जातो, नवस बोलले जातात. वाघोबाने वाघोबाच्या वाटेने जावे, माणसाने माणसाच्या वाटेने जावे, असा जणू एक अलिखित करारच त्या पूजेत असतो.

हा करार नेहमीच पाळला जातो असे मात्र नाही. पावसाळ्यात रान माजते, रात्रीच्या रस्त्यावर भरधाव वाहने धावतात, विजेच्या उघड्या तारांवर वानरे झेप घेतात. मग एखाद्या सकाळी रस्त्याच्या कडेला मरून पडलेल्या आईच्या पोटाला बिलगलेले पिल्लू कोणाच्या तरी दृष्टीस पडते. कधी कुंपणापलीकडच्या गवतात मांजराच्या पिलाएवढे, ठिपकेदार अंगाचे काहीतरी कुईकुई करीत असते. पाहणाऱ्याचे हृदय द्रवते. ‘अरेरे, बिचारे पोरके झाले!’ असे म्हणत तो पुढे होतो, पिल्लू उचलतो, सदऱ्याच्या आत धरून घरी आणतो आणि वाटीभर दूध त्याच्यापुढे ठेवतो. त्याच्या मनात दयेवाचून दुसरे काही नसते. तरीही पुष्कळदा त्या पिलाचे सर्वांत मोठे नुकसान या दयेनेच केलेले असते.

याचे कारण असे की, एकटे दिसणारे प्रत्येक पिल्लू पोरके नसते. चितळाची मादी आपले नवजात पाडस गवतात लपवून स्वतः दूर चरावयास जाते. पाडसाच्या अंगाला या वयात गंध अगदी थोडा असतो. ते मुळीच हालचाल करीत नाही. अंगावरचे पांढरे ठिपके पानांतून गळणाऱ्या उन्हाच्या कवडशांत मिसळून जातात. आई सतत जवळ उभी राहिली तर तिच्याच वासाने शत्रू तेथे येण्याचा संभव अधिक. म्हणून ती दूर राहते. पाडसाचे एकटेपण हेच त्याचे संरक्षण असते. बिबट्याच्या मादीचेही तसेच आहे. तिला बहुधा दोन किंवा तीन पिल्ले होतात. जन्मतः त्यांचे वजन अर्ध्या किलोच्या आसपास असते आणि पहिला आठवडाभर तरी त्यांचे डोळे मिटलेलेच असतात. नराची कसलीही मदत तिला नसते. तिला स्वतः शिकार करावी लागते, आणि शिकारीला जाताना पिल्ले कपारीत, झुडपात किंवा दाट पिकात ठेवावी लागतात. ती कित्येक तास परतत नाही. जागा असुरक्षित वाटली की ती एकेका पिलाला मानेच्या कातडीने अलगद तोंडात धरून दुसरीकडे हलविते. अशा वेळी एक पिल्लू नेऊन ती दुसऱ्यासाठी परत येते, तेव्हा मधल्या काळात कोणी दयाळू माणसाने ते उचलून नेलेले असले तर? आई असतानाच पिल्लू पोरके होते. मुलाला नेणारा माणूस घरी जाऊन आपण एक जीव वाचविल्याचे समाधान मानतो आणि इकडे रानात त्याची आई रात्रभर हुंगत फिरते.

माणसाचा हात लागलेले पिल्लू आई पुन्हा जवळ घेत नाही, अशी एक समजूत आपल्याकडे फार दृढ आहे. आजीच्या तोंडून ऐकलेली म्हणून ती खरी मानली जाते. पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यात वनखात्याच्या कर्मचाऱ्यांनी ही समजूत एकदा नव्हे, अनेकदा खोटी ठरविली आहे.

जुन्नरची कथा मुळातून समजून घेण्यासारखी आहे. सह्याद्रीच्या पूर्व उतारावरील हा प्रदेश. कुकडीच्या खोऱ्यात धरणे झाली, कालवे आले आणि जेथे पूर्वी कोरडवाहू शेते होती तेथे उसाचे हिरवे रान उभे राहिले. ऊस वर्षभर, कधी त्याहूनही अधिक काळ शेतात उभा असतो. त्याच्या आत गारवा असतो, पाणी जवळ असते, दडावयास हवी तेवढी जागा असते. आणि गावातील कुत्री, डुकरे, शेळ्या हे भक्ष्यही हाताशी असते. बिबट्याला आणखी काय हवे! त्याने उसालाच आपले अरण्य मानले. उसात जन्मलेल्या, उसातच वाढलेल्या बिबट्यांच्या आता कित्येक पिढ्या झाल्या आहेत. परंतु या अरण्याला एक दोष आहे. ते दरवर्षी तोडले जाते.

दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होतो. दूरदूरच्या जिल्ह्यांतून ऊसतोड कामगार आपल्या बिऱ्हाडांसह येतात. पहाटेच्या थंडीत कोयते चालू लागतात. फड हळूहळू मागे सरत जातो, आणि मग एखाद्या सरीत, पाचटाच्या गादीवर, एकमेकांना चिकटून निजलेली दोन-तीन पिल्ले दिसतात. कोयता हवेतच थांबतो. त्या क्षणी माणसाच्या मनात कुतूहल येते आणि पाठोपाठ भीतीही येते. कारण पिल्ले येथे आहेत याचा अर्थ आई फार दूर नाही. पिल्ले हिरावली गेलेली मादी त्या परिसरात बेभान होऊन फिरते व तशा अवस्थेत ती माणसांवरही चाल करून जाण्याचा धोका असतो. पिल्लू आईला परत मिळणे हे म्हणूनच पिलाइतकेच त्या शेतातील माणसांच्याही हिताचे असते.

वनरक्षक येतात. माणिकडोह येथील बिबट निवारा केंद्रातून पशुवैद्य येतात. हे केंद्र वनखात्याच्या जागेत असून पकडलेल्या, जखमी झालेल्या व पोरक्या बिबट्यांची तेथे देखभाल होते. पिल्ले तपासली जातात. अंगावर गोचिडे असतील तर ती काढतात. जखम आहे काय, पोट आत गेले आहे काय, अंगातील पाणी कमी झाले आहे काय, हे पाहतात. पिल्लू नर आहे की मादी याची नोंद करतात. पुढे कधी ते सापडले तर ओळखता यावे म्हणून तांदळाच्या दाण्याएवढी एक खुणेची चकती कातडीखाली बसवितात. दिवस मावळू लागला की ज्या सरीत पिल्ले सापडली होती त्याच जागी, शक्यतो पावलाचाही फरक न करता, एका खोक्यात ती ठेवली जातात. भाजीपाला भरण्याचा प्लास्टिकचा क्रेट असतो तसलेच ते खोके असते. जवळ एक स्वयंचलित कॅमेरा लावतात. दिवे मालवले जातात. माणसे लांब, वाऱ्याच्या उलट बाजूला जाऊन बसतात.

येथून पुढे माणसाच्या हाती काही नसते. शेताचा मालक बसलेला असतो, त्याचा ऊस अर्धा तोडलेला असतो. मुकादम बसलेला असतो, त्याच्या टोळीची मजुरी बुडत असते. पिल्ले खोक्यातून ओरडत असतात. तो आवाज लहान असला तरी रात्रीच्या शांततेत दूरवर जातो. मादी बहुधा दिवसभर शेजारच्याच फडात दडून हे सारे पाहत असते. तिचे ओळखीचे घर नाहीसे झालेले असते. मोकळ्या शेतात पाऊल टाकण्याचा धीर तिला होत नाही. एक तास जातो, दोन तास जातात. मग कॅमेऱ्याच्या चित्रात एक सावली येते, थबकते, मागे फिरते, पुन्हा येते. ती खोके हुंगते. त्यावर माणसाचा वास असतो, औषधाचा वास असतो. आणि त्याखाली तिच्या पिलाचाही वास असतो. पंजाने ती खोके कलंडविते, पिलाला मानेपाशी उचलते आणि अंधारात दिसेनाशी होते. दुसरे पिल्लू तेथेच राहते. पाहणाऱ्यांचा श्वास रोखलेला असतो. काही वेळाने ती दुसऱ्यासाठी परत येते.

प्रत्येक वेळी पहिल्याच रात्री असे घडते असे नाही. कधी ती येतच नाही. मग पहाटे पिल्ले उचलून ऊब व आहार देण्यासाठी केंद्रात नेतात आणि दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा त्याच सरीत आणून ठेवतात; जरूर पडली तर तिसऱ्या संध्याकाळीही. बाहेरून पाहणाऱ्याला हा खटाटोप वेडेपणाचा वाटेल. परंतु एका पिलाला हाताने वाढवावयाचे म्हणजे काय, हे ज्यांनी अनुभवले आहे ते या दोन-तीन रात्रींचा कंटाळा करीत नाहीत.

इगतपुरी तालुक्यात ऑगस्ट २०२० मध्ये तर याहूनही वेगळा प्रसंग घडला. तेथे एका झोपडीतच बिबट्याच्या मादीने चार पिल्लांना जन्म दिला. वनखात्याने पिल्ले हलविली नाहीत की मादीला पकडले नाही. कॅमेरा लावून, माणसांना दूर ठेवून त्यांनी वाट पाहिली. पुढे त्या मादीने आपली पिल्ले आपणच तेथून हलविली.

आता ज्याची आई खरोखरच मेली आहे अशा पिलाचा विचार करावा. त्याला प्रथम काय हवे? पुष्कळजण दूध असे उत्तर देतील. ते उत्तर बरोबर नाही. त्याला प्रथम ऊब हवी. गारठलेल्या पिलाचे पोट दूध पचवू शकत नाही; तशा स्थितीत पाजलेले दूध पोटात नासते. ऊब मिळाल्यावर मग दुधाचा प्रश्न येतो, आणि तोही सोपा नाही. प्रत्येक जातीच्या प्राण्याचे दूध निराळे असते. गाईचे दूध वासरासाठी निर्माण झालेले आहे. मार्जारकुळातील पिलाला त्यातील साखर पचत नाही आणि प्रथिने व स्निग्धांश मात्र कमी पडतात. हगवण लागून पिल्लू दोन दिवसांत हतबल होऊ शकते. तान्ह्या मुलाप्रमाणे मांडीवर उताणे घेऊन पाजले तर दूध श्वासनलिकेत शिरते व फुप्फुसे सुजतात. म्हणून पिल्लू आईच्या पोटाशी जसे पालथे असते तसेच ठेवून थेंबथेंब पाजावे लागते. शिवाय पुष्कळ प्राण्यांच्या लहान पिलांना मलमूत्रविसर्जनही आपण होऊन करता येत नाही. आई जिभेने चाटते तेव्हाच ते होते. माणसाला तेथे कोमट पाण्यात भिजविलेला कापूस वापरावा लागतो. हे सारे दर दोन-तीन तासांनी, दिवसा आणि रात्री, आठवडेच्या आठवडे.

आणि इतके करूनही एक गोष्ट उरतेच. आफ्रिकेतील केनिया देशात डॅफ्नी शेल्ड्रिक या बाईंनी हत्तीच्या पोरक्या पिलांना वाढविण्याचा ध्यास घेतला होता. हत्तीच्या दुग्धपानावरील पिलाला मानवेल असे दूध कोणालाच ठाऊक नव्हते; पिल्लांमागून पिल्ले मरत. अनेक वर्षांच्या प्रयत्नांनंतर नारळाचे तेल असलेल्या बालकांच्या दुधाचा उपयोग होतो, असे त्यांच्या ध्यानी आले. १९७४ साली आलेली आयेशा नावाची हत्तीण या दुधावर जगली, वाढली, खेळू लागली. तिने शेल्ड्रिकबाईंनाच आपली आई मानले होते. पुढे मुलीच्या लग्नासाठी बाईंना काही दिवस घर सोडावे लागले. आयेशाने खाणे टाकले; आणि ती मरण पावली. दूध तेच होते, ऊब तीच होती. नव्हती ती केवळ एक व्यक्ती. त्या दिवसापासून तेथील रीत बदलली. एका पिलाला एकाच माणसाचा लळा लागू नये म्हणून राखणदार पाळीपाळीने बदलू लागले. पिलाच्या शेजारी आळीपाळीने निजू लागले. पुढे याच रीतीने वाढलेले कितीतरी हत्ती पुन्हा रानातील कळपांत जाऊन मिळाले आहेत. मायेचीही वाटणी करावी लागते, हे आयेशाच्या मृत्यूने शिकविले.

महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, भामरागडच्या घनदाट अरण्यात, हेमलकसा नावाचे ठिकाण आहे. तेथे २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांच्या प्रेरणेने लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. डॉ. प्रकाश आमटे व त्यांच्या पत्नी डॉ. मंदाकिनी आमटे हे तरुण दांपत्य माडिया गोंड बांधवांची सेवा करण्यासाठी तेथे राहिले. वीज नव्हती, रस्ते नव्हते. पावसाळ्यात नद्यांना पूर आला की साऱ्या जगाशी संबंध तुटत असे. रोगी बरे करणे हे त्यांचे मुख्य काम. वन्य प्राण्यांचा विचार करून ते तेथे गेले नव्हते.

त्या सुरुवातीच्या काळात एकदा रानातून फिरत असताना शिकारीहून परतणारी माणसे त्यांना भेटली. त्यांच्याजवळ काठीला बांधलेली मेलेली माकडे होती, आणि एका मादीच्या छातीला तिचे जिवंत पिल्लू चिकटलेले होते. ते मेलेल्या आईचे दूध पिण्याचा प्रयत्न करीत होते. याचे तुम्ही काय करणार, असे डॉक्टरांनी विचारले. खाणार, असे सरळ उत्तर मिळाले. त्या उत्तरात क्रौर्य नव्हते, भूक होती. ज्याच्या घरी धान्य आहे त्याने या माणसांना दोष देणे सोपे आहे. डॉक्टरांनी दोष दिला नाही. त्यांनी ते पिल्लू मागून घेतले व त्याच्या मोबदल्यात तांदूळ देऊ केले. पिल्लू घरी आले, त्याचे नाव बबली ठेवण्यात आले, आणि ते घरच्या मुलासारखे वाढले.

येथून एक नवीन प्रथा पडली. शिकारीत आई मारली गेली तर पिल्लू मारू नका, आमच्याकडे आणा. त्याच्या बदल्यात तुम्हांला धान्य मिळेल, असे डॉक्टरांनी सांगितले. माणसे पिल्ले आणू लागली. अस्वले आली, हरणे आली, कोल्हे आले, मगरी आल्या, बिबटेही आले. आमट्यांचे अंगण म्हणजे पोरक्या प्राण्यांचे अनाथालयच झाले. त्यांतील नेगल नावाच्या बिबट्यावर प्रकल्पातील कार्यकर्ते विलास मनोहर यांनी त्याच नावाचे पुस्तक लिहिले असून ते मराठी वाचकांनी आवडीने वाचले आहे. आमटे दांपत्याच्या लोकसेवेबद्दल त्यांना २००८ साली मॅगसेसे पुरस्कार देण्यात आला.

हेमलकशाची ही हकीकत वाचून एखाद्याला वाटेल की, आपणही एखादे पिल्लू असेच घरी वाढवावे. परंतु तेथील परिस्थिती व मीरा-भाईंदरमधील सदनिका यांत फार अंतर आहे. हेमलकशाला आणलेल्या पिलांपुढे दोनच वाटा होत्या, मृत्यू किंवा माणसाचा आश्रय. शिवाय बिबट्याचे पिल्लू आईजवळ दीड ते दोन वर्षे राहते. या काळात ते दबा कसा धरावा, झेप केव्हा घ्यावी, आणि माणसाची चाहूल लागताच कसे निसटावे, हे शिकते. बाटलीने दूध पाजणारा माणूस यांतील एकही धडा देऊ शकत नाही; उलट माणसाला भिऊ नये हा घातक धडा मात्र तो नकळत देतो. असा बिबट्या रानात सोडला तर भुकेच्या वेळी तो माणसांकडेच येणार, आणि त्याच्या येण्याचा अर्थ गावकरी निराळा लावणार. म्हणून हाताने वाढलेला बिबट्या बहुधा आयुष्यभर पिंजऱ्यातच राहतो. माणिकडोहलाही असे बिबटे आहेत. त्यांना वेळेवर अन्न मिळते, औषध मिळते, आणि गजांतून पलीकडचा डोंगरही दिसतो.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बिबट्यासारखा वन्य प्राणी परवानगीवाचून पकडणे किंवा घरी ठेवणे हा गुन्हा ठरविला आहे. कायदा कडक आहे खरा; परंतु सदऱ्यात लपवून नेलेल्या पिलांची गत काय होते हे पाहिले, म्हणजे त्याचा कडकपणा सकारण वाटू लागतो.

काशीमिरा, चेणे किंवा घोडबंदरच्या बाजूला एखादे पिल्लू दिसले, तर त्याच्यापासून दूर व्हावे, मोठ्या माणसांना सांगावे आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. मधल्या वेळात कुत्री बांधून ठेवावीत. छायाचित्रे घेण्यासाठी जमलेली गर्दी पांगवावी, आणि हेच काम सर्वांत कठीण जाते. पिलाला पाणी वा दूध देऊ नये. जागा नीट लक्षात ठेवावी. दोन झाडे, एखादा दगड, जवळची पायवाट अशी खूण सांगता आली म्हणजे वनरक्षकाचे काम हलके होते, कारण संध्याकाळी पिल्लू ठेवावयाचे ते त्याच जागी.